ग्रहगोलांच्या विद्येंतील उमेदवारी

पुणें जिल्ह्यांतील दौंड तालुक्यांत, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या बेचक्यांत, राहू नांवाचें गांव आहे. भीमा ओलांडली कीं शिरूर तालुका लागतो. भोंवतालच्या मुलुखाला लोक राहू बेट म्हणतात. काळी कसदार जमीन, ऊंस आणि गुऱ्हाळें हें त्या मुलुखाचें वैभव. गांवाला हें नांव कसें पडलें हा स्थलनामांच्या अभ्यासकांचा प्रश्न. परंतु ग्रहगोलांच्या विद्येची हकीकत सांगावयाची असेल तर आरंभाला याहून समर्पक नांव शोधूनहि सांपडणार नाहीं. पुराणांतील राहू सूर्यचंद्रांना गिळतो. गणितांतील राहू हा केवळ एक बिंदु आहे. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला ज्या दोन ठिकाणीं छेदते, त्यांपैकीं एका छेदनबिंदूला राहू व दुसऱ्याला केतु म्हणावयाचें. हे बिंदु उलट्या दिशेनें सरकत सुमारें १८.६ वर्षांत आकाशाची एक प्रदक्षिणा पुरी करतात. ग्रहण छायेमुळें होतें हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितलें. तरीहि पुढें दीड हजार वर्षें राक्षसाची भीति आणि बिंदूचें गणित हीं दोन्ही एकाच पंचांगाच्या पानांत सुखानें नांदलीं.

अशा गांवच्या शाळेंत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला अगर मुलीला ग्रहांचा अभ्यास हाच जन्माचा उद्योग करावा असें वाटलें, तर जावें कोणाकडे? मंगळावर कधीं काळीं पाणी वाहत होतें काय, पृथ्वीबाहेर जीव असूं शकेल काय, हे प्रश्न आतां दोन शास्त्रांनीं वांटून घेतले आहेत. एक ग्रहविज्ञान, दुसरें खगोलजीवशास्त्र. नांवें नवीं असलीं तरी धंदा शिकण्याची रीत जुनीच आहे. सुताराचा मुलगा करवत धरावयास शिकतो तो पुस्तक वाचून नव्हे. कसबी माणसाच्या हाताखालीं राहून. या राहण्याला मराठींत उमेदवारी असा शब्द आहे, आणि त्यांत उमेदहि आहे व वाट पाहणेंहि आहे. शास्त्रज्ञ व्हावयाचें तरी उमेदवारी चुकत नाहीं. महाराष्ट्रांत ती कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाहीं, आणि न मिळाल्यामुळें काय वायां गेलें, ही हकीकत सुमारें दोनशें वर्षांची आहे.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं काढली. जहाजांना बिनचूक वेळ कळावी हा व्यापारी हेतु तिच्या मुळाशीं होता. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नेमानें होऊं लागल्या. या वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं केरो लक्ष्मण छत्रे नांवाच्या तरुणानें नोकरी धरली. अलिबागेजवळच्या नागांवचा हा मुलगा यंत्रें वाचावयास, आंकडे मांडावयास आणि आंकड्यांवर अविश्वास ठेवावयास तेथें शिकला. पुढें हेच केरूनाना छत्रे पुण्यास गणिताचे प्रोफेसर झाले, आणि बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे शिष्य. ग्रहसाधनाचीं कोष्टकें हा त्यांचा ग्रंथ १८६० सालीं प्रसिद्ध झाला. पंचांगांत लिहिलेला ग्रह आणि आकाशांत दिसणारा ग्रह यांची फारकत झालेली होती. ती मिटवावी एवढ्यासाठीं युरोपांतील नव्या गणिताचे आंकडे त्यांनीं मराठी ज्योतिष्यांच्या हातीं दिले. वेधशाळेंतल्या त्या उमेदवारीखेरीज हें काम त्यांच्या हातून झालें नसतें.

सर्वांनाच असें दार उघडें मिळालें नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे शाळाखात्यांतले शिक्षक. त्यांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला तो १८९६ सालीं छापून निघाला. आणि त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनीं लिहिलेला हिंदी कालगणनेचा इंग्रजी ग्रंथहि बाहेर पडला. शाळेंत धडे देऊन उरलेल्या वेळांत एका माणसानें केवढें काम करावें! परंतु दीक्षितांना दुर्बिणीपाशीं बसवून शिकविणारें कोणी नव्हतें.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. तेहि शिक्षकच. १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत त्यांनीं नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असले पाहिजेत असें गणित मांडलें. त्यांपैकीं अलीकडच्या ग्रहाला त्यांनीं ब्रह्मा असें नांव दिलें, आणि त्याचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षें असा काढला. १९३० च्या फेब्रुवारींत प्लूटो सांपडला. त्याचें अंतर सुमारें ३९.५ पट व प्रदक्षिणाकाळ सुमारें २४८ वर्षें आहे. आंकडे जवळ आले म्हणून केतकरांनीं प्लूटो शोधला असें म्हणण्याची घाई कित्येक अभिमानी लेखक करतात, ती करूं नये. प्लूटो इतका लहान आहे कीं इतर ग्रहांच्या चालीवरून त्याचा ठाव लागण्यासारखा नव्हता. १९३० सालीं तो सांपडला तोहि गणिताच्या बळावर नव्हे, तर छायाचित्रें तपासण्याच्या चिकाटीनें. २००६ सालीं तर त्याला पूर्ण ग्रहांच्या पंक्तींतून उठविण्यांत आलें. मुद्दा निराळाच आहे. प्लूटो ज्याला सांपडला तो क्लाइड टॉम्बो हा अमेरिकेंतील कॅन्सास प्रांतांतला शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजांत जाण्याइतका पैसा घरीं नव्हता. त्यानें स्वतः कांच घासून दुर्बीण केली, तींतून दिसलेल्या मंगळाचीं व गुरूचीं चित्रें काढलीं, आणि तीं लॉवेल वेधशाळेकडे पाठवून दिलीं. वेधशाळेनें त्याला १९२९ सालीं कामावर बोलाविलें. वर्षभरांत त्याच्या हातून शोध लागला. शेतकऱ्याच्या पोराचीं चित्रें पाहून त्याला बोलावणारी वेधशाळा एकाला लाभली. दुसऱ्याला पॅरिसच्या पत्रिकेंत लेख छापून आला तरी कोणी बोलाविलें नाहीं. बुद्धि दोघांपाशींहि होती.

आतां कोणी म्हणेल, महाराष्ट्रांत त्या काळीं वेधशाळा नव्हती म्हणून असें झालें. तसें नाहीं. वेधशाळा होती, आणि ती खुद्द पुण्यांत होती. तिची कथा फारशी कोणाला ठाऊक नाहीं, म्हणून ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले व तेथेंच अध्यापक झाले. प्रकाशाचें पृथक्करण करून ताऱ्यांत कोणतीं द्रव्यें आहेत हें ओळखण्याची वर्णपटविद्या त्या वेळीं नवी होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं १८८२ सालीं या विद्येसाठीं ५,००० रुपये दिले, आणि मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. नायगमवाला विलायतेस गेले. तेथें सर नॉर्मन लॉकियर यांचा व त्यांचा परिचय झाला. परत आल्यावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे पुढें जें इंजिनियरिंग कॉलेज झालें तेथें, १८८८ सालीं महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यांतील २० इंची परावर्ती दुर्बीण ही त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

या वेधशाळेचें पहिलें महत्त्वाचें काम मोठें शिकविण्यासारखें आहे. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटांतील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची, असें लॉकियर यांचें मत होतें. नायगमवाला यांनीं मृगांतल्या तेजोमेघाकडे दुर्बीण लावून ती रेषा तपासली. लॉकियर यांचें मत खरें असतें तर ती एका बाजूनें पसरट दिसावयास हवी होती. ती स्वच्छ व रेखीव दिसली. १८९१ सालीं नायगमवाला यांनीं तसें लिहून कळविलें. ज्यांच्याकडून विद्या घेतली, ज्यांचा लौकिक सगळ्या युरोपांत, त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध पुण्यांतल्या प्रोफेसरानें साक्ष दिली. ती रेषा प्राणवायूपासून येते हें १९२७ सालीं उलगडलें, तेव्हां लॉकियर यांचा सिद्धांत केव्हांच मागें पडलेला होता.

२२ जानेवारी १८९८ या दिवशीं खग्रास सूर्यग्रहण आलें. छायेचा पट्टा कोंकणांतील विजयदुर्गाजवळून निघून ईशान्येकडे वऱ्हाडावरून जात होता. पुणें त्याच्या बाहेर राहिलें. नायगमवाला यंत्रें घेऊन करमाळें तालुक्यांतील जेऊर येथें गेले. पुण्याहून जेऊरला जाणारी आगगाडीची वाट दौंड तालुक्यांतूनच जाते. लॉकियर विजयदुर्गावर उतरले होते, आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेहि जेऊरलाच तळ देऊन होते. ज्या मुलुखांत ग्रहणाचे वेळीं सोंवळ्याओंवळ्याचा विचार चालावयाचा, त्या मुलुखांतील एका आगगाडीच्या स्टेशनाजवळ जगांतलीं उत्तम यंत्रें मांडलेलीं होतीं. आदल्या वर्षीं पुण्यांत प्लेगानें हाहाकार माजविला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या खटाटोपाची किंमत कळते. नायगमवाला यांचा या ग्रहणाचा वृत्तांत १९०२ सालीं ग्रंथरूपानें निघाला.

आणि नंतर? १९१२ सालीं नायगमवाला सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागीं दुर्बिणीपाशीं उभा राहील असा कोणीहि तयार झालेला नव्हता. सरकारनें वेधशाळा बंद केली. यंत्रें कोडाईकनालच्या सौरवेधशाळेकडे रवाना झालीं. चोवीस वर्षांचा संसार पेट्यांत भरून गेला.

याच्या शेजारीं कुलाब्याची वेधशाळा ठेवून पाहावी. तेथें एकाच माणसावर भार नव्हता. मदतनीस होते, त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या, एक गेला तर दुसरा शिकलेला तयार असे. १८९६ सालीं नानाभाई मूस हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हां लोहचुंबकाच्या नोंदी बिघडणार, हें ओळखून त्यांनीं चुंबकीय वेध अलिबागेस हलविले. १९०४ सालापासून तें काम तेथें चालूं लागलें. तें अद्यापहि चालू आहे. पुण्याला देणगी मिळाली होती, दुर्बीण मिळाली होती, प्रज्ञाहि मिळाली होती. मिळाले नाहींत ते उमेदवार. नायगमवाला यांना दोष देण्याचें कारण नाहीं. कॉलेजांत शिकवावयाचें, वेध घ्यावयाचे, अहवाल लिहावयाचे, हें सगळें एकट्यानें करतांना शिष्यांना पगार कोठून द्यावा? पुढें जागा नाहीं अशा विद्येकडे विद्यार्थी तरी कां यावा?

ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली ती हौशी मंडळींनीं. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतांतील ही सर्वांत जुनी संस्था. गच्चीवर दुर्बीण मांडून अनोळखी मुलाला शनीचें कडें दाखवावयाचें, यांत पगाराचा प्रश्न येत नाहीं. नामांकित विद्यापीठांहून अशा गच्च्यांनीं जास्त ज्योतिषी घडविले असतील.

खगोलजीवशास्त्राच्या जन्मकथेंतहि एक ग्रहण आहे, आणि तें भारतांतलें आहे. ७ नोव्हेंबर १९५७ रोजीं खग्रास चंद्रग्रहण होतें. महिन्याभरापूर्वीं रशियानें पहिला उपग्रह सोडला होता, आणि रशियन क्रांतीचा चाळिसावा वाढदिवस नेमका त्याच दिवशीं होता. त्या सुमारास अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग कलकत्त्यास जे. बी. एस. हाल्डेन यांचे पाहुणे होते. हाल्डेन हे इंग्लंड सोडून त्याच वर्षीं भारतांत राहावयास आले होते; निर्जीव द्रव्यांपासून जीव कसा उत्पन्न झाला असावा याचा तर्क त्यांनीं १९२९ सालींच मांडला होता. ग्रहणाच्या रात्रीं गोष्ट निघाली कीं, रशियन लोक चंद्रावर बाँब उडवून क्रांतीचा उत्सव तर करणार नाहींत ना? हाल्डेन यांनीं तें थट्टेवर नेलें असावें. लेडरबर्ग मात्र अस्वस्थ झाले. राष्ट्राराष्ट्रांच्या बढाईपायीं चंद्र व ग्रह मानवानें नेलेल्या जंतूंनीं विटाळले, तर तेथें मूळचा जीव होता कीं नव्हता हें कधींच कळणार नाहीं, असा विचार त्यांच्या मनांत आला. परत जाऊन त्यांनीं तेथील शास्त्रज्ञांना जागें केलें. यानें निर्जंतुक करून मगच ग्रहांकडे पाठवावीं हा दंडक त्यांतून निघाला, आणि १९६७ च्या अंतराळविषयक करारांत ग्रहांना दूषित करूं नये असें कलमच घातलें गेलें. विटाळाची कल्पना या देशाला कांहीं नवीन नव्हती. तिचा इतका शहाणपणाचा उपयोग मात्र पूर्वीं झालेला नव्हता.

महाराष्ट्रांत या शास्त्राचा पाय रोवला गेला तो जयंत विष्णु नारळीकर यांच्यामुळें. कोल्हापूरास १९३८ सालीं जन्मलेले नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे शिष्य झाले. जीवाचीं बीजें अंतराळांतून पृथ्वीवर येत असावींत असें हॉईल व चंद्र विक्रमसिंगे यांचें मत होतें. बहुतेक शास्त्रज्ञ तें मानीत नाहींत. परंतु मत हें वाद घालून न सोडतां तपासून पाहावें, या वृत्तीनें नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं हैदराबादेहून प्रचंड फुगे सोडण्याचा उद्योग केला. पहिलें उड्डाण २००१ सालीं झालें, दुसरें २००५ च्या एप्रिलांत. दुसऱ्या खेपेस फुग्याखालीं ४५९ किलो वजनाचें साहित्य होतें. पोलादाच्या निर्जंतुक व निर्वात नळ्या द्रवरूप निऑननें गार ठेवल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा त्यांत कोंडून खालीं आणली गेली. तिची तपासणी हैदराबादच्या एका व पुण्याच्या एका प्रयोगशाळेनें स्वतंत्रपणें केली. पुण्याची ती राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राची. १२ प्रकारचे जंतु व ६ प्रकारच्या बुरशा मिळाल्या. त्यांपैकीं तीन जंतु शास्त्राला नवीन ठरले. एकाला हॉईल यांचें, एकाला आर्यभटाचें, व तिसऱ्याला भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचें नांव मिळालें. अतिनील किरणांस ते आपल्या जातभाईंपेक्षां जास्त दाद देत नव्हते. तथापि ते पृथ्वीबाहेरूनच आले असें यावरून सिद्ध होत नाहीं, असें २००९ सालीं निकाल जाहीर करतांनाच संस्थेनें स्पष्ट केलें. पुढें आर्यभटाच्या नांवाचा जंतु निरनिराळ्या देशांतील साध्या शेतजमिनींतहि सांपडला. गुरूच्या मतासाठीं एवढा खटाटोप करावयाचा, आणि निकाल गुरूच्या बाजूनें ओढूनताणून लावावयाचा नाहीं. नायगमवाला यांची परंपरा ती हीच.

२० मे २०२५ रोजीं नारळीकर निवर्तले. त्यांचें सर्वांत टिकाऊ काम मात्र फुग्यांचें नव्हे. १९८८ सालीं पुणें विद्यापीठाच्या आवारांत त्यांनीं आयुका हें खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठीय केंद्र उभें केलें. त्याची कल्पनाच उमेदवारीची होती. आडगांवच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकानें येथें यावें, चार आठवडे राहावें, ग्रंथालय वापरावें, परत जाऊन विद्यार्थ्यांना शिकवावें. उन्हाळ्याच्या सुट्टींत कॉलेजच्या मुलांसाठीं अभ्यासवर्ग. निवडक विद्यार्थ्यांना संशोधकाच्या हाताखालीं काम. शाळेच्या मुलांना शनिवारीं व्याख्यानें. १९१२ सालीं जें तुटलें होतें तें शहाहत्तर वर्षांनीं असें सांधलें गेलें.

त्याच आवारांत राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, आणि त्याची प्रचंड दुर्बीण जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेनें त्या स्वस्तांत उभ्या राहिल्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें शियापारेली हें यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण संदेश ऐकत बसली होती ती ही खोडदची दुर्बीण. जमिनीला टेकण्याच्या अगदीं थोडें आधीं संदेश थांबला. यान आदळून फुटलें होतें. एका परग्रहावरचा अपघात प्रथम जाणवला तो जुन्नरच्या माळावर. दरवर्षीं २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, या तबकड्या लोकांना दाखविल्या जातात, आणि गांवोगांवच्या शाळांतील मुलें स्वतः केलेले प्रयोग घेऊन तेथें येतात. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञानाश्रम काढला, तोहि हातानें काम करीत शिकण्याचाच. ग्रहांचा अभ्यास तेथें होत नसला तरी यंत्र उघडून पाहण्याची भीति तेथें जाते, आणि ती जाणें हें अर्धें शिक्षण आहे.

राहूच्या मुलाला तर पायाखालींच एक धडा आहे. दख्खनची काळी जमीन ही सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या खडकापासून, काळ्या बेसाल्टापासून, झालेली. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात. हें करणारी जी चिकणमाती, तिला शास्त्रांत स्मेक्टाइट म्हणतात. बेसाल्टावर पुष्कळ काळ पाणी मुरलें म्हणजे ती तयार होते. २०१३ सालीं अमेरिकेच्या क्युरिऑसिटी यानानें मंगळावरील गेल विवरांत खडकाला भोंक पाडलें, तेव्हां त्या भुकटींत हीच चिकणमाती सांपडली; तेथें एके काळीं पिण्याजोगें गोड पाणी असावें असें अनुमान त्यावरून निघालें. उंसाच्या सरींत उभें राहून मंगळाचा इतिहास वाचण्याची सोय थोड्याच देशांत असेल. बुलढाणें जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हा दुसरा धडा. अशनि आदळून बेसाल्टांत झालेलें हें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर चंद्रावरील विवरांशीं ताडून पाहण्यास फार उपयोगी आहे. तें ज्वालामुखीचें नव्हे, आघाताचें आहे, हें १९७३ सालीं कांचेंत रूपांतर झालेल्या खनिजांवरून ठरलें. त्याचें पाणी क्षारयुक्त. त्यांत टिकणारे जंतु निराळेच. २०२० च्या जूनमध्यें पाणी गुलाबी झालें, तेव्हां पुण्याच्या आघारकर संस्थेनें तें मिठांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें असल्याचें दाखविलें.

मग या विद्येंत शिरावयाचें कसें? पहिली गोष्ट ही कीं, खगोलजीवशास्त्राचीच पदवी शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन किंवा पदार्थविज्ञान यांपैकीं एक विद्या पक्की करावी आणि मग ग्रहांकडे वळावें. जगांतले बहुतेक ग्रहशास्त्रज्ञ याच वाटेनें आले. श्रीलंकेंत जन्मलेले सिरिल पोन्नंपेरुमा यांनीं मद्रासेस तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग लंडनला रसायन शिकले, कॅलिफोर्नियांत डॉक्टर झाले, आणि अखेर अमेरिकन अंतराळसंस्थेंत जीवाच्या उगमाचें संशोधन करूं लागले. वाट वांकडी असली तरी चालते.

शाळेंत असतांना ऑलिंपियाडच्या परीक्षा आहेत; त्यांचें केंद्र मुंबईस मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टांत खगोलशास्त्राचें आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईंतच भरलें होतें. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसारखी संस्था किंवा तिरुवनंतपुरमची अंतराळविज्ञान संस्था. पदव्युत्तर शिक्षणानंतर खरी उमेदवारी सुरू होते. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, जी १९४७ सालीं विक्रम साराभाईंनीं स्थापिली, ती या देशांतील ग्रहविज्ञानाचें माहेरघर आहे. चंद्रावरून आलेले दगड, आकाशांतून पडलेले अशनि व चांद्रयानांचीं यंत्रें या सर्वांचा अभ्यास तेथें चालतो. २०१२ सालीं नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें अशनि पडले, त्यांचाहि झाला. पदार्थविज्ञानवाल्यांस जेस्ट, इतरांस नेट किंवा गेट या परीक्षा द्याव्या लागतात. उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन ठरलें आहे. शेतकऱ्याच्या घरांत ही रक्कम लहान नाहीं. नायगमवाला यांच्यापाशीं ती शिष्यांना देण्यास नव्हती, एवढें आठवलें म्हणजे पुरे.

अडचण पुढें येते. डॉक्टर झाल्यावर कायम जागा थोड्या, आणि दोन दोन वर्षांच्या नेमणुकांवर देशोदेशीं फिरावें लागतें. टोकियोस पृथ्वी व जीव यांच्या उगमाचा अभ्यास करणारी संस्था २०१२ पासून आहे. अमेरिकन अंतराळसंस्थेची डॉक्टरोत्तर शिष्यवृत्ति परदेशीयांसहि खुली ठेवलेली आहे, मात्र तेथील सरकारी कायम नोकरी नागरिकांनाच. वयाच्या तिशींत, घरीं लग्नाची बोलणीं चालू असतां, मुलीनें असा मुक्काम हलवीत राहावें हें सोपें नाहीं, आणि मुलांनाहि नाहीं. जे मधेंच वाट सोडतात त्यांची बुद्धि कमी असते असें समजण्याचें कारण नाहीं. पुष्कळदां त्यांचा घरखर्च भागत नाहीं इतकेंच. आंकड्यांशीं खेळणारी ही माणसें उपग्रहांच्या चित्रांवरून पिकांचा व पाण्याचा अंदाज बांधणाऱ्या उद्योगांत जातात, आणि तेथें त्यांची गरजहि असते.

एक सोय मात्र टॉम्बोलाहि नव्हती ती आज आहे. २००८ च्या पहिल्या चांद्रयानानें चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखविल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं तिसरें चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत उतरलें आणि त्याच्या गाडीनें तेथील मातींत गंधक असल्याचें मोजलें. या मोहिमांचीं मोजमापें भारतीय अंतराळसंस्थेनें अभ्यासकांसाठीं खुलीं केलीं आहेत. तीं उतरवून घेण्यास वेधशाळेंत नोकरी लागत नाहीं. घरीं एक संगणक आणि त्यांतले आंकडे वाचावयास शिकविणारा कोणी एक गुरु लागतो. राहूहून पुणें फार तर दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे, आणि गणेशखिंडीच्या आवारांत ज्योतिषी, रेडिओवाले व जंतुशास्त्रज्ञ एकमेकांच्या शेजारीं बसलेले आहेत. उन्हाळ्याच्या वर्गांसाठीं अर्ज बहुधा हिवाळ्यांतच मागवितात, आणि अर्जासोबत शिक्षकाचें शिफारसपत्र जोडावें लागतें.